मदत हवी आहे: १५ वर्षांच्या मुलीला मिसुरीतल्या ख्रिस्ती 'रँच'वर पाठवावं का?

हा आयडी नवा आहे, मुद्दाम काढलाय. जुन्या आयडीवर ओळखीचे फार.

आम्ही डॅलसजवळ राहतो. मूळचे नगरचे, चौथ्या पिढीचे ख्रिस्ती. मागच्या दिवाळीपासून मुलगी हाताबाहेर गेलीये. दप्तरात व्हेप (ई-सिगारेट) सापडलं, शाळा बुडवणं सुरू झालं, दोनदा रात्री खिडकीतून पसार झाली. फेब्रुवारीत तिच्या दंडावर ब्लेडच्या खुणा दिसल्या. डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या सुरू केल्यात. आठवड्यातून एकदा काउन्सेलर असते, तिच्यापुढे ही पाऊण तास नखं कुरतडत बसते.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पाळकबाईंनी मिसुरीतली ही 'रँच' सुचवली, हाताबाहेर गेलेल्या मुलींना ठेवून घेणारी निवासी संस्था. माहितीपत्रक सुंदर आहे: घोडे, भाजीचा मळा, गाणाऱ्या मुली. वर्षभर ठेवायचं, महिन्याला साडेतीन हजार डॉलर. नवऱ्याचं मन तयार आहे. तो स्वतः मिशनच्या बोर्डिंगात वाढला, पहाटेची प्रार्थना आणि रविवारची उसळ यापलीकडे त्याला तिथलं काही वाईट आठवत नाही. माझी आजी तर केडगावच्या मुक्ती मिशनमधली. पंडिता रमाबाईंचं मराठी बायबल जिथे बायकांनी जुळवलं, छापलं, तिथे ती अक्षरं शिकली. 'देवाच्या घरात ठेवलेली मुलगी' म्हटलं की आमच्या घरात कुणाला भीती वाटत नाही.

मग मलाच का वाटतेय? कारण काल रात्री कागद नीट वाचले. पहिले सहा आठवडे फोन नाही. नंतर आठवड्याला दहा मिनिटं, तीही कर्मचारी लाइनवर ऐकत असताना. पत्रं उघडून वाचणार. मुलीने तक्रार केली तर ती 'घरी परतण्यासाठीची चाल' समजावी, असं चक्क लिहिलंय. गोळ्या चालू ठेवायच्या की नाही ते संचालक ठरवणार. आणि ती यायला तयार नसेल तर पहाटे चार वाजता दोन माणसं येऊन तिला घेऊन जातील, त्याचे पैसे वेगळे.

शुक्रवारपर्यंत सही द्यायचीये. कुणाला अशा जागेचा अनुभव आहे का? त्यांना नेमकं काय विचारू? आणि न पाठवता दुसरं काय करता येतं? 'धर्मांतर केलंत म्हणून असं' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते मी तीस वर्षं ऐकतेय.

टेक्सासकर: ताई, आधी सही थांबवा. टेक्सासातल्या मुलीला मिसुरीतच का नेतात, याला इतिहास आहे. कॉर्पस ख्रिस्टीला लेस्टर रोलॉफ नावाच्या धर्मोपदेशकाने मुलींसाठी 'रेबेका होम' चालवलं होतं. तिथे मुलींना पट्ट्याने मारतात, कोंडून ठेवतात अशा साक्षी १९७३ मध्ये झाल्या. सरकार म्हणालं परवाना घ्या, तो म्हणाला मला देवाचा परवाना आहे. वर्षानुवर्षं कोर्टबाजी चालली. १९८२ मध्ये तो विमान अपघातात गेला आणि १९८५ मध्ये त्याच्या माणसांनी टेक्सास सोडून मिसुरी गाठलं, कारण तिथे धार्मिक संस्थांना परवान्यातून सूट होती. पुढे बुश गव्हर्नर असताना टेक्सासनेही १९९७ मध्ये पळवाट दिली, ती २००१ मध्ये बंद झाली.

मिसुरीची_सून: वरचं बरोबर आहे, पण मिसुरीतही आता थोडं बदललंय. ह्यूमन्सव्हिलजवळच्या 'सर्कल ऑफ होप' या मुलींच्या रँचवर २०२० मध्ये अधिकारी गेले, मुलींना बाहेर काढलं, पुढच्या वर्षी चालवणाऱ्या नवराबायकोवर शंभराच्या आसपास आरोप ठेवले गेले. त्यांच्या स्वतःच्या मुलीने टिकटॉकवर आवाज उठवला होता. त्यानंतर २०२१ चा कायदा आला: अशा संस्थांनी सरकारकडे नोंद करायची, कर्मचाऱ्यांची पार्श्वभूमी तपासायची, पालकांना मुलीपर्यंत पोहोचण्यापासून अडवायचं नाही. पण नोंद म्हणजे परवाना नव्हे, हे लक्षात ठेवा. तुमच्या कागदातली सहा आठवड्यांची अट मला तिथेच खटकली.

मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. नैराश्याच्या गोळ्या एकदम तोडणं धोक्याचं असतं, आणि जिने स्वतःला इजा केलीये तिच्या बाबतीत तर फारच. परवाना असलेला मानसोपचारतज्ज्ञ तिथे आहे का, रात्री मुलींपाशी कोण असतं, शिक्षा म्हणून एकटं ठेवतात का, आणि न कळवता आलो तर मुलीला एकांतात भेटू द्याल का, हे विचारा. शेवटचा प्रश्न सर्वात आधी.

साधा_माणूस: सगळ्या जागा एकाच मापाने मोजू नका. माझ्या सहकाऱ्याची मुलगी एका ख्रिस्ती केंद्रात सहा महिने राहून चांगली होऊन आली. परवानाही होता तिथे.

टेक्सासकर: म्हणूनच तर परवान्याचं विचारा म्हणतोय.

दोन_मुलींचा_बाबा: आमची मोठी १४ व्या वर्षी याच वळणावर होती. आठवड्याला एक काउन्सेलर पुरला नाही. मग 'इंटेन्सिव्ह आउटपेशंट'ला घातलं: शाळा सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस, तीन-तीन तास, रात्री घरी. तिथे डीबीटी ही उपचारपद्धत शिकवतात, भावनेचा लोंढा आला की हात ब्लेडकडे जाण्याआधी काय करायचं ते. आईबापांचाही वर्ग असतो. मला तिथे बसायला लाज वाटली, पण उपयोग माझाच जास्त झाला. विम्याने बराच भार उचलला. शाळेकडून '५०४ प्लॅन', म्हणजे अशा मुलांना द्यायच्या सवलतींचा आराखडा, लेखी मागा. ब्लेड, गोळ्या, घरात बंदूक असेल तर तीही कुलपात ठेवा. आणि ९८८, आत्महत्येचे विचार किंवा मानसिक संकट असेल तेव्हाची हेल्पलाइन, फ्रीजवर लिहून ठेवा, तो नंबर तुमच्यासाठीही आहे.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. आज जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून फोन केला. बाई गोड बोलत होत्या, सुरुवातीला माझ्यासाठी प्रार्थनाही केली. परवान्याचं विचारलं तर म्हणाल्या आम्ही देवाला उत्तरदायी आहोत. मी म्हटलं, ठीक, मग एखाद्या बुधवारी न सांगता आले तर? थोडा वेळ शांतता. मग म्हणाल्या, "आईच्या मनात शंका असली की मुलीचं काम होत नाही."

आजीच्या वेळचं एक आठवलं. तिची मावशी दर महिन्याला बैलगाडीने केडगावला यायची, कधीही, आणि फाटक उघडायचं. नवऱ्याला एवढंच सांगितलं. तो काही बोलला नाही, पण शुक्रवारचं पाळकबाईंना त्यानेच कळवलं की थांबतोय.

@दोन_मुलींचा_बाबा, तो कार्यक्रम डॅलसच्या बाजूला आहे का? आणि तुमच्या मुलीला पहिल्या दिवशी गाडीत कसं बसवलंत, ते जमलं तर सांगा.