मदत हवी आहे: लोआर नदीकाठी सायकली न्यायच्या आहेत, रेल्वेत जागा मिळत नाहीये

सोनचाफा
नमस्कार मंडळी. तातडीची मदत हवी आहे. फ्रान्समध्ये लोआर नदीच्या काठानं सायकलवर फिरायचं ठरलंय, तूरपासून सुरुवात. पॅरिस ते तूर जलद गाडीची तिकिटं काढायला बसले तर सायकलीसाठी जागाच दाखवत नाहीये. एका गाडीत दाखवली, तीही एकच. मला दोन हव्यात. तूरजवळच्या आंबुआझ गावातल्या हॉटेलचं बुकिंग रद्द करायची मुदत आज रात्री संपतेय, म्हणून घाई. सायकली न्यायच्या कशा? ज्यांनी नेल्या आहेत त्यांनीच कृपया सांगावं.

चक्रधर
महिना कुठला? दिवस किती? तूरहून पूर्वेला जाणार की पश्चिमेला? एवढं तरी सांगा.
माझं ऐकाल तर तूरपासून सुरूच करू नका. पश्चिमेच्या नाँतला जा आणि तिथून उलटे, पूर्वेला ओर्लेआँकडे या. या खोऱ्यात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून, समुद्राच्या बाजूनं येतो. रस्ता बराचसा नदीच्या बांधावरून जातो, तिथे आडोसा नाही. दिवसभर तोंडावर वारा घेतला की संध्याकाळी जेवायचीही इच्छा राहत नाही.

साखरभात
व्हिसा झाला का? शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका. शाकाहारी असाल तर मेतकूट आणि दशम्या न्या. फ्रान्सच्या खेड्यात दुपारी दोननंतर स्वयंपाकघरं बंद होतात, मग संध्याकाळपर्यंत उपास.

घाटवाट
लोआर कशाला? सगळे तिकडेच जातात. सपाट रस्ता, एकामागून एक राजवाडे, आणि उन्हाळ्यात गर्दी. खरी दरी बघायची तर दक्षिणेला लो नदीवर जा. सँ-सिर्क-लापोपी गाव नदीपासून शंभर मीटर उंच कड्यावर बसलंय. बुझिएजवळ बोटी ओढणाऱ्यांसाठी कड्याच्या पोटात कोरून काढलेली वाट आहे, डोक्यावर खडक आणि पायाशी पाणी. ती वाट पाहिल्यावर राजवाड्यांत माझं मन रमलं नाही.

सोनचाफा
व्हिसा झालाय. नदी ठरलीय. जून महिना. बरोबर बाबा आहेत, वय ६६, साताऱ्यात रोज सकाळी यवतेश्वरचा घाट चढतात, त्यामुळे तब्येतीची काळजी नको. प्रश्न फक्त रेल्वेत सायकली नेण्याचा आहे.

मुक्काम_नाँत
जलद गाड्यांत सायकलीच्या जागा मोजक्या असतात आणि जूनच्या फार आधी भरतात. मार्ग दोन. एक, चाकं काढून सायकल पिशवीत भरा, मग ती सामानात धरतात. दोन, जलद गाडी सोडा. पॅरिसच्या ऑस्टरलिट्झ स्थानकावरून ओर्लेआँला प्रादेशिक गाडी तासाभरात पोचते आणि पुढे त्याच मार्गावर ब्लुआ, आंबुआझ, तूर लागतं. या गाड्यांतही उन्हाळ्यात सायकलीची जागा आधी राखावी लागू शकते, तेवढं तपासा.
आणखी एक. पॅरिसहून येणाऱ्या बऱ्याच जलद गाड्या तूरच्या मुख्य स्थानकात शिरत नाहीत, शेजारच्या सँ-प्येर-दे-कोरला थांबतात. तिकिटावर स्थानकाचं नाव नीट वाचा.
सायकली कुठून आणताय? भारतातून?

सोनचाफा
नाही हो, पॅरिसमध्ये भाड्यानं घेणार आहोत. परत पॅरिसलाच द्यायच्या.

मुक्काम_नाँत
मग त्या गाडीत घालायच्याच कशाला? ओर्लेआँ, ब्लुआ, तूर, सोम्यूर, सगळीकडे भाड्यानं मिळतात. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात परत करता येतात, अशा कंपन्या याच मार्गासाठी चालतात. पॅरिसची सायकल बहुधा शहरी असते. इथे कुठे डांबर आहे, कुठे दाबलेली बारीक खडी. जरा जाड टायरची आणि मागे पिशव्या अडकवायची सोय असलेली सायकल हवी. ती इथलेच लोक नीट देतात.

चक्रधर
हेच सांगायला आलो होतो. पण दिशा बदला हो. सायकली पश्चिमेच्या आँजे शहरात घ्या, ओर्लेआँला परत करा.

घाटवाट
चक्रधर, नदी वाहते पश्चिमेला. पाण्याबरोबर उतारानं जायचं सोडून लोकांना उलटं का पाठवताय?

चक्रधर
कसला उतार? ओर्लेआँ समुद्रसपाटीपासून शंभरएक मीटरवर, आँजे वीसेकवर. मध्ये अडीचशे किलोमीटरच्या वर अंतर. एवढ्यात जो उतार मिळतो तो पायाला कळतही नाही. वारा मात्र कळतो.

घाटवाट
वारा रोज एकाच दिशेनं वाहत नाही. जूनमध्ये मी तिथे पूर्वेचा वाराही खाल्लाय.

चक्रधर
म्हणून मी ‘बहुतेक वेळा’ लिहिलं. नीट वाचा.

टिटवी
वाऱ्याचं जाऊ द्या, नदीकडे बघा. लोआरच्या पात्रात उन्हाळ्यात वाळूची बेटं उघडी पडतात आणि त्यांवर कुररी पक्षी थेट वाळूत अंडी घालतात. अंडं वाळूच्याच रंगाचं असतं, पाय पडेपर्यंत दिसत नाही. जून हा ऐन विणीचा काळ, बेटांवर जाऊ नका. पाण्यातही उतरू नका. वरून नदी संथ दिसते, पण खालची वाळू सरकते आणि प्रवाह ओढतो. लहान दुर्बीण न्या. कांद-सँ-मार्तँ गावात चर्चच्या मागे टेकडीवर चढलात तर व्हिएन नदी लोआरला मिळते तो संगम पूर्ण दिसतो. तिथे तासभर काढा.

पंप_आणि_पंक्चर
सोनचाफा, एक समजलं नाही. रोज पुढे जायचं असेल तर मुक्काम बदलणार. मग आंबुआझच्या एकाच हॉटेलवर एवढं का अडलंय?

सोनचाफा
आईसाठी. तिला सायकल येत नाही. ती आंबुआझला राहणार, आम्ही दोघं पुढे जाऊन येणार. पण तिला परक्या गावात एकटीला ठेवून जायचं माझ्या जिवावर आलंय, आणि बाबा तर ते ऐकूनच घेत नाहीत.

चक्रधर
हे आधी कळायला हवं होतं. टँडेम घ्या, म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल. बाबा पुढे, आई मागे. तोल पुढच्यानं सांभाळायचा.

पंप_आणि_पंक्चर
जिनं कधी सायकल मारली नाही तिला पहिल्याच दिवशी टँडेमवर बसवू नका. मागच्यालाही पायडल मारावं लागतं, निघताना आणि थांबताना दोघांचा मेळ बसावा लागतो. सामानासकट ते जड धूड वळवायचं म्हणजे घाट चढणाऱ्या माणसाचीही परीक्षा.

घाटवाट
म्हणून म्हणतो, लो नदीवर एक घर घ्या आणि रोज तिथून फिरून परत या.

मुक्काम_नाँत
घाटवाट, लो सुंदर आहे, वाद नाही. पण तिथल्या काओर शहराच्या पुढे वरच्या अंगाला नदीकाठानं प्रवासी रेल्वे नाही. त्यांच्या आई रोज काय करणार? इथे लोआरचं वेगळेपण आहे. ओर्लेआँ, ब्लुआ, आंबुआझ, तूर, सोम्यूर, आँजे ही सगळी गावं एकाच रेल्वेमार्गावर आहेत आणि मार्ग नदीला धरून जातो.
सोनचाफा, आईंना एका जागी ठेवूच नका. सकाळी तुम्ही दोघं सायकलवर निघा, आई सावकाश नाश्ता करून गाडीनं पुढच्या गावी. सामान पोचवणाऱ्या सेवा आहेत, त्यामुळे त्यांच्या हातात फक्त पर्स. ‘आक्युए वेलो’ची पाटी असलेलं हॉटेल बघा, तिथे सायकली कुलुपात ठेवायची सोय असते आणि सामान पुढे पाठवायलाही मदत करतात.
पहिले दोन-तीन दिवस आंबुआझच ठेवा. लिओनार्दो दा विंची १५१६ मध्ये तिथे आला आणि १५१९ मध्ये तिथेच वारला. त्याचं घर क्लो-ल्युसे आणि राजवाड्याच्या आवारातली त्याची समाधी, दोन्ही आईंना पायी जमेल. शनोंसोचा राजवाडा शेर नदीवर कमानी टाकून बांधलाय. तुम्ही जंगलातून सायकलनं पंधराएक किलोमीटर, आईंना सँ-प्येर-दे-कोरला गाडी बदलून थेट राजवाड्याच्या दाराशी उतरता येतं. त्या मार्गावर गाड्या कमी आहेत, परतीची वेळ आधी बघून ठेवा.

साखरभात
सोम्यूरकडे गेलात तर आईंना ‘फुए’ नक्की खाऊ घाला. भट्टीत टाकल्यावर फुलक्यासारखा टम्म फुगणारा पाव, मध्ये शिजवलेला पांढरा घेवडा किंवा मशरूम. मशरूम तिथल्याच दगडाच्या जुन्या खाणींत पिकवतात. याच खाणींच्या मऊ पांढऱ्या दगडातून राजवाडे उभे राहिले. तूरच्या बाजूला सँत-मोरचं बकरीच्या दुधाचं चीजही घ्या, लांबट वळकटी, वर राख आणि आत आरपार राय नावाच्या धान्याची काडी.

पंप_आणि_पंक्चर
शाकाहारी असतील तर चीज जपून. पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारं विरजण असतं. आणि रविवारी दुपारनंतर व सोमवारी गावातली दुकानं बंद, शनिवारीच फळं आणि पाव घेऊन ठेवा.

सोनचाफा
आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग मी तुमच्या आधी पोचेन.” आंबुआझ ठेवलंय, पुढे तूर आणि सोम्यूर. सायकली आंबुआझला घेऊन सोम्यूरला परत करायच्या, कंपनीला विचारलंय. दिशा पश्चिमेचीच राहील. चक्रधर, वाऱ्याचं लक्षात ठेवते, सकाळी लवकर निघू. मुक्काम_नाँत, तुमचे आभार कसे मानू कळत नाही.
एकच राहिलं. बाबा त्यांचं चामड्याचं सीट साताऱ्याहून आणणार म्हणतात. भाड्याच्या सायकलला बसेल का?

पंप_आणि_पंक्चर
बहुधा बसेल. सीटखालच्या दोन दांड्यांचं अंतर जवळपास सगळीकडे सारखंच असतं. आधी कंपनीला मेल टाका आणि जुन्या सीटचं काय करायचं तेही विचारा. पाना मात्र चेक-इनच्या बॅगेत टाका.