हँक ॲरन : ७५५ च्या पलीकडे
अमेरिकी बेसबॉलपटू हँक ॲरन यांची ओळख बहुतेक चर्चांत त्यांच्या ७५५ होमरनपुरतीच (होमरन म्हणजे सहसा चेंडू मैदानाबाहेर टोलवून सर्व बेस पूर्ण करणारा फटका) राहते, म्हणून थोडी भर घालतो. हे सगळे होमरन वजा केले, तरी त्यांच्या नावावर ३,००० हून अधिक हिट्स (चेंडू टोलवून सुरक्षितपणे बेस गाठणारे फटके) उरतात. त्यांचे खरे मोठेपण मला या सातत्यात दिसते. १९७३ चा हंगाम त्यांच्या एकूण ७१३ होमरनवर संपला आणि आधीच्या पिढीतील श्वेतवर्णीय खेळाडू बेब रूथ यांचा ७१४ होमरनचा विक्रम एक कृष्णवर्णीय खेळाडू मोडणार हे स्पष्ट झाले, तेव्हा अलाबामातील मोबील येथे जन्मलेल्या या माणसाला जिवे मारण्याच्या धमक्या देणारी असंख्य पत्रे आली. तरीही ८ एप्रिल १९७४ रोजी अटलांटात अल डाउनिंग यांच्या चेंडूवर त्यांनी ७१५ वा होमरन मारला. ती पत्रे त्यांनी पुढे जपून ठेवली, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात विक्रमाइतक्याच ठळकपणे नोंदवली जायला हवी.