स्वस्त लूअर घ्या, पण हुक बदला: पटतंय का?

खाडीवाला
जिताड्यासाठी लूअर (नकली आमिष) टाकायला लागलेली नवी मुलं एकच प्रश्न घेऊन येतात: बजेट कमी आहे, काय घेऊ? माझं मत सरळ मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा. लूअरच्या अंगावर पैसे वाचवा. हुक, स्प्लिट रिंग (हुक लूअरला अडकवणारी छोटी कडी) आणि लीडरवर (लूअरच्या अलीकडचा जाड दोरा) अजिबात वाचवू नका.

नावाजलेल्या कंपनीचा मिनो (छोट्या माशाच्या आकाराचा कडक लूअर) सातआठशेच्या पुढे जातो, बिननावाचा दीडदोनशेत मिळतो. पाण्यात दोघांचं डुलणं बरेचदा सारखंच असतं. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ साली केलेला पहिला लूअर बुचाचा होता, वर चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी आणि वितळवलेल्या फोटो निगेटिव्हचा लेप. जखमी माशासारखा हलायचा म्हणून मासे त्यावर तुटून पडायचे.

स्वस्तातला माल मार खातो तो लोखंडात. जिताडा आमिष खेचून घेतो, डोकं झटकतो, पाण्याबाहेर उडी मारतो. त्या झटक्यात कच्चा ट्रेबल (तीन टोकांचा हुक) सरळ होतो नाहीतर रिंग उघडते. घरीच बघा: हुकाचं एक टोक पकडीत धरून वाकवा. चांगला हुक परत जागेवर येतो, कच्चा तसाच वाकडा राहतो. लूअरच्या तोंडाची, दोरा बांधायची कडीही पकडीने ओढून बघा. ती नुसती स्क्रूसारखी बसवलेली असेल तर तो लूअर मोठ्या माशासाठी नाही. आणि जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड सुरीसारखी असते, त्यामुळे लीडर जाडच हवा.

ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, महाग वाटते ना? रीलच्या तळाला साधा मोनो (एकपदरी नायलॉनचा दोरा) भरा आणि वर लागेल तेवढीच ब्रेड घ्या. पुढचा भाग खरवडला की ती उलटी भरा. आतली बाजू अजून कोरी असते.

गरी-तंगूस
दादा, पैसेच वाचवायचे तर लूअर कशाला? आमच्याकडे गरवणारे अजून तंगूस (नायलॉनचा दोरा), गरी (हुक) आणि जिवंत कोळंबी एवढ्यावर जातात. जिताडा येतो, तांबोशीही येते. कोळंबी शेपटीकडून ओवली की बराच वेळ जिवंत राहते, डोक्यातला काळा ठिपका दुखावला की मेली. वजनाला गॅरेजमध्ये फेकलेले स्पार्क प्लग. प्लग मुख्य दोऱ्यापेक्षा कच्च्या दोऱ्याने बांधायचा. खडपात अडकला तर प्लग तेवढा जातो, गरी वाचते. तुम्ही आधी रॉड-रीलवर हजारो घालता आणि मग दीडशेच्या लूअरवर चर्चा करता, हे मला पटत नाही.

खाडीवाला
कच्च्या दोऱ्याची युक्ती शंभर टक्के मान्य, ती सगळ्यांनी उचलावी. पण कोळंबीवर शिंगाळा येतो, केंड येतो, आणि केंड दोरा कुरतडून गरीच घेऊन जातो. जिवंत कोळंबी पाहिजे तेव्हा मिळतेच असंही नाही. लूअर एकदा घेतला की तोच भरतीभर फिरवता येतो. हिशोब वर्षाचा मांडा, एका दिवसाचा नको.

मरळवेडा_पुणे
खाडीचं तुम्हाला ठाऊक, पण धरणावर तुमचा नियम उलटा पडतो. मरळीला आम्ही फ्रॉग (रबरी बेडकाचा लूअर) टाकतो आणि फ्रॉगमध्ये अंगच सगळं काही असतं. स्वस्त फ्रॉगचं रबर कडक असतं. मरळ चावली तरी ते दबत नाही, हुकाची टोकं बाहेर येत नाहीत, मासा तोंड उघडून निघून जातो. शिवाय शिवणीतून पाणी शिरतं आणि चार फेकीत बेडूक बुडतो. दुकानात फ्रॉग अंगठ्याने दाबून बघा. हुक उघडा पडला तरच घ्या, ब्रँड कुठलाही असो. एवढे पैसे नसतील तर थांबा, पण कडक फ्रॉग घेऊ नका.

सॉफ्ट प्लास्टिकचं (मऊ लूअरचं) मात्र उलट. शेपूट तुटली तर गरम सुरीने दोन्ही कडा वितळवून जोडता येते. फक्त ते कडक लूअरच्या डब्यात ठेवू नका. त्यातल्या तेलकट द्रव्याने दुसरं प्लास्टिक विरघळून सगळं एकमेकांना चिकटतं.

जुगाडू_जिग
जिग हेड (शिशाचं डोकं ओतलेला हुक) विकत घेणंच बंद करा. भंगारातलं शिसं, साचा, गॅस. घरी ओतलं की बाजारभावाच्या पाव खर्चात काम होतं.

संध्या_म
घरात नको, कळकळीने सांगते. शिसं ३२७ अंशांना वितळतं म्हणून सोपं वाटतं, पण त्याची राख आणि धूळ भांड्यावर, ओट्यावर, हातावर बसते. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर वितळलेलं शिसं तोंडावर उडतं ते वेगळंच. ब्रिटनमध्ये हंस शिशाच्या गोळ्या गिळून मरत होते, म्हणून १९८७ पासून गळाची शिशाची बहुतेक वजनं विकायला बंदी आली. चार पैसे वाचवायला स्वयंपाकघरात शिसं वितळवणं ही काटकसर नाही. आणि शिशाच्या गोळ्या दाताने दाबायची सवय असेल तर आजच सोडा.

जुगाडू_जिग
ताई, मी उघड्यावरच करतो, भांडंही वेगळं आहे. पण वर ते लिहायला हवं होतं, हे खरं.

कांदळवन
माझा तर मूळ मुद्द्यालाच विरोध आहे. लूअर दीडशेचा असला की माणूस बिनधास्त तिवरात फेकतो, आणि अडकला की दोरा तोडून पुढे जातो. महागाचा असता तर गुडघाभर चिखलात उतरला असता. तो ट्रेबल तिथेच राहतो. त्याच चिखलात बायका अनवाणी तिसऱ्या, कालवं काढतात, पोरं खेकडे धरतात. पायात तीन टोकांचा गंजका हुक घुसणं म्हणजे काय, ते ज्याच्यावर बेतलं त्याला विचारा. तुमचे पैसे वाचले, पण किंमत दुसऱ्याने मोजली. त्यापेक्षा दोनच लूअर घ्या, चांगले घ्या आणि ते जपा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा, मगच डब्यात. एक ओला हुक अख्खा डबा गंजवतो.

गरी-तंगूस
हे बरोबर. आमच्या वाडीतल्या एकीच्या टाचेतून असाच हुक कापून काढावा लागला.

खाडीवाला
कांदळवन, हा मुद्दा मी टाळणार नाही. पण उपाय महाग लूअर हा नाही. महागाचाही अडकतो आणि तोही लोक तोडतात. तिवरात टाकायचा असेल तर ट्रेबल काढून एकेरी हुक लावा, टोकामागचा उलटा काटा पकडीने दाबून टाका. अडकतो कमी, सुटतो लवकर. सॉफ्ट प्लास्टिक असेल तर टोक अंगातच लपवा. तरीही राहिला तर जागा लक्षात ठेवून ओहोटीला परत जा, सोबत कोणीतरी घ्या आणि पाणी फिरायच्या आत बाहेर या. हुक बदला म्हणतोय त्यात हेही धरा.

कांदळवन
एकेरी हुक मान्य. दीडशेच्या लूअरसाठी ओहोटीला परत जाणारे किती निघतात, ते बघायचंय. जे जातात त्यांनी इथे लिहा.

मरळवेडा_पुणे
एकेरी हुक लावला की मिनोचं वजन कमी होतं आणि तो तिरका पोहतो, असं आमच्याकडे दिसलंय. खाडीवाला, तुम्ही हुक एक नंबर मोठा लावता की पोटाला शिशाची पट्टी चिकटवता?

खाडीवाला
मोठा हुक. पट्टी नाही, संध्याताईंचं वाचल्यावर तर नाहीच. आधी बादलीत सोडून बघा, सरळ तरंगला तर खाडीवर न्या.