लग्नाचा वाढदिवस, घरीच इटालियन जेवण आणि हाताने केलेला पिझ्झा, जरा सल्ला द्या

त्रिमूर्तीनगरकर
नमस्कार नागपूरकर मंडळी. फेब्रुवारीत लग्नाचा वाढदिवस आहे, शनिवारी येऊन राहिला, सुट्टी आहे. दरवर्षी बाहेर जेवायला जातो, म्हणजे आधी पार्किंग शोधा, मग वेटिंग, मग शेजारच्या टेबलावर कोणाचा तरी बड्डे आणि आपल्या सूपमध्ये स्नो स्प्रे. यंदा म्हटलं घरीच करू. बायकोला पिझ्झा फार आवडतो आणि इटली पाहायची तिची जुनी इच्छा आहे, ती फ्लॅटचे हप्ते संपेपर्यंत काही होत नाही.
माझी लायकी सांगून ठेवतो: चहा, पोहे, भुर्जी जमते, कणीक बरी मळतो. यीस्टला आजवर हात लावला नाही. ओटीजी (छोटा इलेक्ट्रिक ओव्हन) आहे २८ लिटरचा, लग्नात आला होता, त्यात केक सोडून काही झालं नाही. आई-बाबा सोबत राहतात, साडेसातला जेवतात आणि दहापर्यंत हॉलमध्ये टीव्ही. गच्ची आहे पण सगळ्या बिल्डिंगची. शाकाहारीच करायचं आहे. बेस, सॉस, चीज, सोबत काय, गोड काय आणि बसायचं कुठे, सगळंच सांगा.

तर्रीवाला
ऑर्डर कर ना बे. आणि रोमँटिकच करायचं तर सकाळी उठून तिला तर्री पोहे आणून दे, यीस्ट-फिस्टच्या भानगडीत काऊन पडून राहिला.

धरमपेठची काकू
त्याचं ऐकू नको बेटा, तो प्रत्येक धाग्यावर तर्रीच ओततो.
कणीक मळता येते म्हणतो ना, मग अर्धं काम झालं समज. दोघांच्या दोन पिझ्झ्यांसाठी ३०० ग्रॅम मैदा, १९० मिली साधं पाणी, चहाचा एक चमचा मीठ आणि इन्स्टंट यीस्ट फक्त पाव चमचा. पाव चमचा बरं का, पाकिटावर जास्त लिहिलेलं असते ते दोन तासांत फुगवायचं असलं तर. आपल्याला घाई नाही, शुक्रवारी रात्री मळायचं आणि झाकणाच्या डब्याला आतून तेलाचं बोट लावून फ्रिजमध्ये ठेवून द्यायचं. रात्रभर थंडीत हळूहळू फुगते त्यानेच चव येते, दोन तासांच्या पिठाला नुसता मैद्याचा आणि यीस्टचा वास मारतो.
मळताना पीठ हाताला चिकटेल, तेव्हा वरून मैदा टाकायचा मोह होईल, टाकू नको. झाकून वीस मिनिटं बाजूला ठेव आणि मग परत मळ, आपोआप गुळगुळीत होते. शेवटी कानाच्या पाळीइतकं मऊ लागलं पाहिजे. शनिवारी दुपारी चारला बाहेर काढायचं, दोन गोळे करायचे आणि ओल्या फडक्याखाली ठेवायचे. फेब्रुवारीत दोन-अडीच तास लागतील, हेच मे महिन्यात केलं असतं तर पाऊण तासात डब्याचं झाकण उडालं असतं.
आणि लाटणं घ्यायचं नाही. बोटांनी मधून बाहेर दाबत जायचं, कडेचा एक बोट भाग सोडून. लाटलं की आतली हवा जाते आणि मग पापडच होतो. गोल नाही झाला तरी चालते, महाराष्ट्राचा नकाशा झाला तरी चव तीच लागते.

ओटीजी पीडित
काकूंचं पीठ बरोबर आहे, पण खरी गोची ओव्हनची आहे. इटलीतल्या नेपल्समधल्या लाकडाच्या भट्टीचं तापमान साडेचारशे डिग्रीच्या आसपास असते, पिझ्झा साठ ते नव्वद सेकंदांत बाहेर. आपला ओटीजी मारूनमुटकून २५०. म्हणजे पिझ्झा आत दहा-बारा मिनिटं राहतो, तेवढ्यात चीज तेल सोडते, बेस सुकतो आणि खालून पांढराच राहतो. त्यासोबत जो पातळ काळा ट्रे येतो त्याच्यात काही दम नसतो.
उपाय: बिडाचा नाहीतर जाड लोखंडी तवा घे, इतवारीत भांड्यांच्या दुकानात मिळते, बिनदांड्याचा पाहा, दांडा असला तर २८ लिटरमध्ये दार लागत नाही. आधी ओटीजीचं आतलं माप घेऊन जा. तवा उलटा करून वरच्या जाळीवर ठेवायचा, दोन्ही रॉड चालू, २५० वर, आणि पाऊण तास तापू द्यायचा. लाल दिवा दहा मिनिटांत विझतो त्याच्यावर विश्वास ठेवू नको, ती आतली हवा तापली, लोखंड नाही. मग पिझ्झा थेट त्या तव्यावर सरकवायचा. सहा-सात मिनिटांत होतो आणि खालून भाकरीला येतात तसे डाग पडतात.
सरकवायला लाकडी पोळपाट नाहीतर पुठ्ठा घे आणि त्याच्यावर बारीक रवा पसर. मैदा पसरला तर तो ओला होऊन चिकटतो, रव्यावर पिझ्झा चाकावर असल्यासारखा निघतो. टॉपिंग टाकून झालं की लगेच आत, पाच मिनिटं गप्पा मारत बसला की चिकटलाच.

त्रिमूर्तीनगरकर
बापरे, हे भारी आहे. मी ट्रेवरच करणार होतो. पण तव्यावर एका वेळी एकच होईल ना? मग एकाने खायचं आणि दुसऱ्याने पाहायचं का? आणि बेसिल कुठे मिळते? चीजसाठी त्या रेडी किसलेल्या पाकिटातलं चालते का?

ओटीजी पीडित
एका वेळी एकच, आणि तेच तर चांगलं आहे भाऊ. पहिला काढायचा, दोघांनी मिळून गरम गरम खायचा, तोवर तवा परत तापतो, मग दोघं मिळून दुसरा बनवायचा. दोन्ही सोबत वाढायच्या नादात एक थंड होतो आणि तू सगळा वेळ किचनमध्ये. पूर्ण संध्याकाळ या हिशोबानेच लाव: टेबल ओव्हनजवळ, आणि तिलाही हात पिठात घालू दे.

बाल्कनीतली बाग
बेसिलसाठी गोकुळपेठ-धरमपेठच्या मोठ्या सुपरमार्केटमध्ये पाहा, पण शनिवारी संध्याकाळी जाऊन मिळेल याच्या भरवशावर राहू नका, शुक्रवारीच आणा आणि पाण्याच्या ग्लासात उभं ठेवा, फ्रिजमध्ये काळं पडते. नाहीतर नर्सरीतून कुंडीच घ्या, नंतरही कामी येते. आणि कोणाच्या घरी सब्जाचं झाड असेल तर दोन फांद्या मागा. फालुद्यात सब्जा टाकतो ना, त्याचं झाड आणि इटालियन बेसिल एकाच जातीतलं आहे, आपल्याकडच्याचा वास थोडा लवंगेकडे जातो, पण पिझ्झ्यावर छान लागते. तुळशीची पानं मात्र नको, ती उग्र होतात, आणि तुमच्या आईंनी पाहिलं तर वाढदिवस बाजूलाच राहील.
पानं पिझ्झा बाहेर आल्यावर टाका, आत टाकली की जळतात.

मिलान रिटर्न
कामानिमित्त काही काळ तिकडे होतो म्हणून सांगतो. चीज रेडी किसलेलं घेऊ नका, चिकटू नये म्हणून त्याला स्टार्च लावलेला असतो, नीट वितळत नाही. अमूलचा मोझरेला ब्लॉक घ्या आणि घरी जाड किसा. पाण्यातला ताजा गोळा मिळाला तर अजून छान, पण तो तोडून चाळणीत तासभर निथळायला ठेवायचा, नाहीतर पिझ्झ्यावर तळं होते. एका पिझ्झ्याला ८०-९० ग्रॅम पुष्कळ. आपल्याकडे चीज म्हणजे गोधडी पांघरायची सवय आहे, तिथे मधेमधे लाल दिसलं पाहिजे.
सॉस शिजवायचाच नसतो खरं तर. डब्यातले सोललेले टमाटर मिळाले तर हाताने कुस्करा, मीठ, झालं. आपले ताजे टमाटर पाणचट असतात म्हणून किसणीवर किसा, मीठ लावून चाळणीत ठेवा, पाणी गेलं की ऑलिव्ह ऑइल आणि एक ठेचलेली लसणाची पाकळी टाकून पाच-सात मिनिटं आटवा, बस. साखर नको, केचप तर अजिबातच नको. एका पिझ्झ्याला तीन चमचे.
आणि तिथे प्रत्येकाचा आपला आपला अख्खा पिझ्झा असतो, काट्या-सुरीने कापून खातात. नेपल्सवाले तर इतके कट्टर की १९८४ मध्ये त्यांनी अस्सल पिझ्झ्याचे नियम जपायला संघटना काढली, आणि २०१७ मध्ये तिथल्या पिझ्झा करायच्या कलेला युनेस्कोच्या वारशाच्या यादीत जागा मिळाली. ढोबळी मिरची, कॉर्न, पनीर, जलापेनो सगळं एकत्र टाकून त्याला इटालियन म्हणू नका एवढीच विनंती.

तर्रीवाला
घ्या, आले. युनेस्को इथे नागपुरात चेक करायला येऊन राहिलं का? मी सांगतो, एक मार्गेरिटा कर तिच्यासाठी आणि दुसऱ्यावर सावजी मसाल्यात परतलेलं पनीर आणि कच्चा कांदा टाक. मग पाहू कोणता आधी संपते.

मिलान रिटर्न
अहो, पण थीम इटलीची आहे.

तर्रीवाला
थीम इटलीची आहे, पोट नागपूरचं आहे.

धरमपेठची काकू
त्याचं म्हणणं इतकंही चुकीचं नाही, पण त्या दिवशी नको बेटा. सावजी जेवून मग दोघंही पाण्याचे ग्लास घेऊन बसाल. दुसरा पिझ्झा बिनटमाटरचा कर: ऑलिव्ह ऑइल, लसूण, पातळ कापलेला आलू मिठाच्या पाण्यातून काढून, वर चीज. रोममध्ये आलूचा पिझ्झा चालतोच, तेव्हा मिलानवाल्यांनाही बोलता येणार नाही. आणि वरून सांबार (कोथिंबीर) पेरू नको, सवयीने हात जातोच आपला.
सोबतीला चार-पाच पदार्थ करायच्या भानगडीत पडू नको. फेब्रुवारीत मृग बहाराचा संत्रा सुरू असतो, त्याचं सॅलड कर. तिकडे सिसिलीत असंच करतात: संत्र्याच्या सालीसोबत पांढरं सगळं सुरीने काढायचं, आडव्या गोल चकत्या कापायच्या, बिया टोचून काढायच्या, वर कांद्याच्या अगदी पातळ रिंगा, काळे ऑलिव्ह, मीठ, मिरपूड आणि ऑलिव्ह ऑइल. अर्धा तास थंड करून वाढ. आपला संत्रा सुटसुटीत सोलला जातो म्हणून नखानेच सोलशील, पण त्याने पांढरे धागे राहतात आणि कडू लागते, सुरीच घे. रंगच असा दिसतो की टेबल वेगळं सजवावं लागत नाही.

त्रिमूर्तीनगरकर
काकू 🙏 संत्र्याचं आमच्या दोघांपैकी कोणालाच सुचलं नसतं, घरात पेटी पडलेली असते आणि आपण नुसते सोलून खातो. आता गोड आणि जागा. गच्चीवर लाइटिंगच्या माळा लावाव्या असं डोक्यात आहे.

रात्रपाळी
गच्ची विसर. तू किचनमधून गरम पिझ्झा वर नेशील तोवर चीज गोठेल, आणि दर पिझ्झ्यागणिक जिने चढ-उतर. फेब्रुवारीत रात्री नऊनंतर अजून गारठा असतो, हवा सुटली की मेणबत्ती टिकत नाही आणि हवा नसली की डास टिकतात. वरून बिल्डिंगमधले दोन काका शतपावलीला येणार ते वेगळेच, आणि ते विचारणारच की काय चाललं आहे.
किचनला लागून बाल्कनी असेल तर तिथे घडीचं टेबल टाक. सीताबर्डीवर माळा मिळतात त्या पिवळ्या घे, रंगीबेरंगी लपलप करणाऱ्या नको, गणपतीच्या मांडवात बसल्यासारखं वाटते. ट्यूबलाइट बंद कर. वासाची मेणबत्ती जेवणाच्या टेबलावर लावू नको, पिझ्झ्याला गुलाबाचा वास येतो. गाणी हळू आवाजात, आणि फोन आतल्या खोलीत.

मिलान रिटर्न
गोडात तिरामिसूच्या मागे लागू नका, मस्कारपोने चीज महाग पडते आणि कच्च्या अंड्याचा प्रश्न येतो. अफोगातो करा: चांगलं व्हॅनिला आइस्क्रीम छोट्या ग्लासात, वरून कडक गरम कॉफी, लगेच खायचं. एस्प्रेसो मशीन नसली तर फिल्टर कॉफीचं डिकॉक्शन मस्त चालते, चिकोरी नसलेली पावडर घ्या. आणि वाइन घेत असाल तर नाशिकची रेड तासभर आधी फ्रिजमध्ये ठेवा, आपल्याकडे रूम टेंपरेचर म्हणजे फेब्रुवारीतही गरमच. नसाल घेत तर संत्र्याचा रस आणि सोडा, वर बर्फ.

लक्ष्मीनगर सून
सगळे पिझ्झ्यावरच बोलून राहिले, सासू-सासऱ्यांचं कोणीच बोललं नाही. दादा, त्यांना टाळून करायला गेलात तर तुमची मिसेसच अवघडून बसेल, मन अर्धं हॉलमध्ये राहील. आईंना आदल्या दिवशीच सांगा की मी जेवण बनवणार आहे, तुम्हालाही आहे. पीठ दुप्पट मळा, ६०० ग्रॅमचं, चार गोळे. साडेसातला पहिला पिझ्झा त्यांचा, कमी कडक, वर थोडी हिरवी मिरची, सोबत घरचं वरण-भात असू द्या, कारण पिझ्झ्याने बाबांचं जेवण झालं असं होत नाही. तुमचा ओव्हनचा अंदाजही त्याच पिझ्झ्यावर येतो. मग आठनंतर बाल्कनीचं दार लावून घ्या, कोणी आवाज देणार नाही. आणि ओटा तुम्हीच आवरा, रात्रीच. दुसऱ्या दिवशी सकाळी मैद्याने भरलेली परात तिच्या वाट्याला आली की सगळं मुसळ केरात.

त्रिमूर्तीनगरकर
ताई, हे सगळ्यात कामाचं सांगितलं. तर आता ठरलं असं: शुक्रवारी रात्री ती झोपली की पीठ, सॉस पण तेव्हाच. शनिवारी दुपारी संत्र्याचं. पहिला आई-बाबांचा, मग आमच्या दोघांत एक मार्गेरिटा, मग आलूवाला, चौथा गोळा राखीव. बाल्कनी, पिवळ्या माळा, अफोगातो. तवा उद्याच आणतो इतवारीतून. तर्रीवाले, तुमचं पनीर रविवारी, राखीव गोळ्यावर.

तर्रीवाला
आता बोलला ना भाऊ. फोटो टाकजो.

ओटीजी पीडित
एक राहिलंच. ओटीजी एक्स्टेंशन बोर्डावर लावू नको, त्यावरच बाल्कनीच्या माळा तर नाहीच नाही. जाड पिनेचा १६ अँपिअरचा पॉइंट असतो तिथेच लाव, किचनमध्ये फ्रिजजवळ नाहीतर गिझरचा पाहा. आणि त्या वेळी गिझर, इस्त्री बंद ठेवा, दोन्ही सोबत चालले की एमसीबी पडते. इन्व्हर्टरवर ओटीजी चालत नाही. लाइट गेलीच तर तोच तवा सुलटा करून गॅसवर ठेव, बेस एका बाजूने शेकून पलटव, शेकलेल्या बाजूवर सॉस-चीज टाक आणि मंद आचेवर वरून खोलगट झाकण. सराटा (उलथणं) जवळ असू दे.