ऑफिसच्या वार्षिक तपासणीत प्रोस्टेटची चाचणी हवी की नको?

पन्नाशीचा_उंबरठा (धागाकर्ता)

आमच्याकडे दरवर्षी तपासणी होते. साखर, कोलेस्टेरॉल, डोळे, कानसुद्धा. प्रोस्टेटचं, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचं, नाव काढलं की मात्र सगळे पुरुष घड्याळाकडे बघू लागतात. म्हणून मी एचआरला पत्र दिलंय: पन्नाशीपुढच्या पुरुषांची पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटसाठीची, रक्तचाचणी कामाच्या वेळेत आणि कंपनीच्या खर्चाने करा.

निमित्त शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचं. वर्षभर 'पाठ धरलीय' म्हणत होता. मलम झालं, पट्टा झाला, खुर्ची बदलून झाली. निघाला तो प्रोस्टेटचा कर्करोग, हाडांत पोचलेला. लघवीची तक्रार एकदाही नव्हती. खरी गोम तीच आहे. गाठ बहुतेक वेळा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात धरते, मूत्रमार्गापासून लांब, त्यामुळे सुरुवातीला काही जाणवतच नाही. पुरुष दवाखान्यात जात नाही, पण ऑफिसात रोज येतो. मग चाचणीच तिथे आणा. यात न पटण्यासारखं काय आहे?

कोरडा_आकडा

बरंच आहे. ब्रिटनमध्ये चार लाखांहून जास्त पुरुषांवर एक चाचणी-अभ्यास झाला, त्याचे १५ वर्षांचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. एका गटाला फक्त एकदा पीएसएसाठी बोलावलं, दुसऱ्याला नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगाने मेलेले पहिल्या गटात ०.६९ टक्के, दुसऱ्यात ०.७८ टक्के. म्हणजे दहा हजारांत नऊ जणांचा फरक. तुमचं शिबिर याच जातीचं आहे: या, रक्त द्या, बिस्किट खा, जा.

त्यात पीएसए म्हणजे काही कर्करोगाची चाचणी नव्हे. ते ग्रंथीने बनवलेलं प्रथिन. वयाने ग्रंथी फुगली तरी वाढतं, लघवीचा संसर्ग झाला तरी वाढतं. आकडा वाढलेल्या चौघांपैकी साधारण तिघांना कर्करोग नसतोच. त्या तिघांच्या झोपेची भरपाई कंपनी देणार का?

पन्नाशीचा_उंबरठा

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट सांगायची राहिली तुमची. बोलावलेल्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश पुरुषांनीच चाचणी करून घेतली. पत्र आलं, ड्रॉवरमध्ये गेलं. मी वेगळं काय म्हणतोय? आणि एकदाच कशाला, ठरावीक वर्षांनी करा. युरोपात तसंच केलं होतं. ५५ ते ६९ वयाचे सुमारे १ लाख ६२ हजार पुरुष, २३ वर्षांचा पाठपुरावा, आणि या कर्करोगाने होणारे मृत्यू १३ टक्क्यांनी कमी.

कोरडा_आकडा

तेरा टक्के ऐकायला छान वाटतं. एक मृत्यू टाळायला ४५६ जणांना बोलवावं लागलं आणि १२ जास्तीची निदानं झाली, हेही तिथेच लिहिलंय. त्या बारांतल्या बऱ्याच जणांना आपल्याला काही आहे हे जन्मभर कळलं नसतं. आता कळलं. काहींनी शस्त्रक्रिया करून घेतली, त्यात कुणाला लघवी गळायला लागली, कुणाचं लैंगिक आयुष्य संपलं.

हळूहळू_चालणारा

त्या बारांतला एक मी असू शकतो. ऑफिसच्या तपासणीतच निघालं. सोमवारी रक्त दिलं, रविवारी दिवसभर सायकल हाणली होती. दोन दिवस आधी दमवणारा व्यायाम नको, वीर्यस्खलन नको, हे कुणी सांगितलं नव्हतं. रिपोर्ट मोबाइलवर आला, लाल अक्षरांत. पुन्हा चाचणी केली तरी आकडा वरच. मग एमआरआय, मग बायॉप्सी. निघाला ग्लीसन ६, म्हणजे सगळ्यात मवाळ प्रकार. चार वर्षं झाली, उपचार शून्य, फक्त नजर ठेवून आहोत. ब्रिटनमधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात ग्रंथीपुरत्या मर्यादित कर्करोगाचे रुग्ण होते. शस्त्रक्रिया असो, किरणोपचार असो की नुसती देखरेख, १५ वर्षांत शंभरातले सुमारे तीनच या आजाराने गेले. हे मला आता पाठ आहे. बायकोला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर तिचे सहा महिने वाचले असते.

चाचणीला माझा विरोध नाही. न विचारता केली, याला आहे. यादीत साखरेच्या खाली एक ओळ होती, बस्स.

टवाळ_टोळ

सगळं खरं, पण ऑफिसात बोट घालून तपासणार का, एवढं सांगा. त्यावर माझी हजेरी अवलंबून आहे.

पन्नाशीचा_उंबरठा

रक्त द्यायचंय हो. याच भीतीपायी निम्मे पळतात.

फायलींतली_बाई

मी एचआरमध्ये आहे, म्हणून टेबलाच्या या बाजूने लिहिते. रिपोर्ट कुणाच्या हातात जातो, याचं उत्तर पत्रात नाही. 'वैयक्तिक कारण' सांगून एमआरआयला रजा टाकली, तर बढतीच्या बैठकीत कुणीतरी पुटपुटतंच, 'तब्येत बरी नाही वाटतं त्यांची.' मी ऐकलंय.

आणखी एक. अमेरिकेत या निदानाचं सरासरी वय ६७ च्या आसपास आहे. तोवर तुमचा माणूस निवृत्त झालेला. कंत्राटावरचे पहारेकरी आणि चालक तर आमच्या यादीतच नाहीत. नेमका ज्याला स्वतःहून डॉक्टर गाठणं जड जातं तोच बाहेर राहतो.

बाबांचा_थोरला

इथे सगळे सरसकट पुरुषांबद्दल बोलताहेत. माझ्या वडिलांना झाला, काकांनाही. मला पन्नाशीपर्यंत थांबून चालणार नाही. वडील किंवा भावाला झाला असेल, घरात बीआरसीए२ या जनुकाचा दोष असेल, किंवा वंश आफ्रिकी असेल, तर धोका बराच जास्त. कोरडा_आकडा, तुमची सरासरी मला लागू होत नाही.

कोरडा_आकडा

मान्य. तुमच्यासाठी मी आग्रहच धरीन. अमेरिकेच्या तज्ज्ञगटाने २०१२ मध्ये पीएसए कुणालाच नको म्हटलं होतं, २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं इथवर आले. बोलून. धाग्यातलं मूळ पत्र हाच शब्द गाळतं.

(अवांतर: केसांसाठी फिनास्टेराइड घेणाऱ्यांनी चाचणीआधी सांगा. त्या गोळीने पीएसए निम्म्यावर येतं आणि खोटा दिलासा मिळतो.)

पन्नाशीचा_उंबरठा

पत्र मागे घेत नाही, बदलतोय. आधी डॉक्टरांबरोबर वीस मिनिटं, बंद खोलीत, कामाच्या वेळेत. चाचणी नंतर, हवी त्यालाच. रिपोर्ट थेट त्या माणसाला. कंत्राटी लोकही यादीत. निवृत्तांचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. पण कोरडा_आकडा, ती बंद खोली तरी ऑफिसातच हवी. बाहेर ठेवलीत तर माझा सहकारी आलाच नसता.

हळूहळू_चालणारा

आणि रक्त शुक्रवारी घेऊ नका. माझा दुसरा रिपोर्ट शनिवारी आला होता. सोमवारपर्यंत विचारायला कुणीच नव्हतं.