मदत हवी आहे: एमएस्सी ऑरगॅनिक झालंय. औषधी वनस्पतींवर पीएचडी की तारापूरची नोकरी?

सातपुड्याखालची

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलंय, सांभाळून घ्या.

मी नंदुरबार जिल्ह्यातली. यंदा ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एमएस्सी झाले. तारापूरच्या एका औषध कंपनीत क्यूसी केमिस्ट (मालाची गुणवत्ता तपासणारी) म्हणून निवड झालीय, तीन शिफ्ट, हातात २२ हजार. दुसरीकडे एका विद्यापीठात नॅचरल प्रॉडक्ट्सवर (वनस्पतींतल्या द्रव्यांवर) काम करणाऱ्या मॅडमकडे प्रोजेक्टवर जागा आहे. नेट (पात्रता परीक्षा) निघाली तर तिथंच पीएचडी. कंपनीला शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

घरात नोकरीच्या बाजूनं तीन मतं आणि पीएचडीच्या बाजूनं माझं एकटीचं अर्धं. आप्पा एवढंच म्हणाले, "झाडपाल्याचं औषध करायला एवढं शिकावं लागतं होय?" त्यांचा राग नाही. यंदाच्या कापसाचे पैसे कुठंकुठं गेले ते मलाही माहीत आहे.

हे अर्धं मत आलं अडुळशावरून. एमएस्सीच्या प्रोजेक्टला परसातलाच अडुळसा घेतला होता, अर्धा किलो वाळलेला पाला. आम्लात काढ, अमोनिया घालून परत काढ, मग कॉलम, म्हणजे नळीतून सोडून एकेक घटक वेगळा करायचा. आधी क्लोरोफिलचा हिरवा पट्टा सरकत खाली आला, मग दोन दिवस कोरडेच फ्रॅक्शन (नळीतून निघालेले वेगवेगळे भाग). तिसऱ्या दिवशी टीएलसीवर (तपासणीच्या पट्टीवर) ड्रॅगेनडॉर्फ, म्हणजे अल्कलॉइड दाखवणारा फवारा, मारला आणि पिवळ्या पट्टीवर नारिंगी ठिपका उमटला. व्हॅसिसिन, अडुळशातलं अल्कलॉइड! आजी खोकल्याला ज्याचा रस द्यायची त्यातलं नेमकं काय, ते माझ्या कुपीच्या तळाशी चिकटून होतं. सगळं मिळून ८० मिलिग्रॅम, तेही पूर्ण शुद्ध नाही. पण त्या दिवशी मी जेवायला विसरले.

निरोप समारंभात सर म्हणाले, "आपल्या नंदुरबारचे रसायनशास्त्रज्ञ मनसुख वाणी झाले, तू का नाही?" टाळ्या पडल्या. घरी येऊन वाणींबद्दल मिळेल ते वाचलं आणि उलट घाबरले. १९२५ चा जन्म, मुंबईत शिक्षण, तिथंच कॉलेजात शिकवणं, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून १९६२ साली पीएचडी, म्हणजे वय ३७ च्या आसपास. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मनरो वॉल यांच्याकडे रुजू. १९६६ ला कॅम्पटोथेसिन, १९७१ ला टॅक्सॉल, दोन्ही झाडांतून काढलेली कॅन्सरविरोधी द्रव्यं. त्या टॅक्सॉलचा हिशोब असा: पॅसिफिक यू झाडाची १२ किलो वाळलेली साल आणि खोड, त्यातून निघाला अर्धा ग्रॅम. साल गोळा झाली १९६२ साली (हा श्लेष माझा नाही, भाषेचा आहे), कॅन्सरचं औषध म्हणून अमेरिकेत मान्यता १९९२ च्या डिसेंबरात. मी २४ ची. २४ अधिक ३० किती ते आप्पांनाही येतं.

तर मला वाणी व्हायचं नाहीये. एवढंच सांगा: या कामात रोजचं पोट भरतं का? आणि मॅडमना हो म्हणण्याआधी त्यांना काय विचारू? मला तर पगाराशिवाय काही सुचत नाहीये.

रोटाव्हॅप

ताई, मी याच विषयात पीएचडी करून पुण्यात १८ वर्षं काम करतोय. आधी पैशांचं: नेट-जेआरएफ (नेटमधली फेलोशिप) निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढं ४२, शिवाय घरभाडं. म्हणजे तारापूरपेक्षा जास्त. पण 'निघाली तर' हे आप्पांना लपवू नका.

आता खरं. वाणींची गोष्ट सगळे बुद्धिमान माणूस आणि एक झाड अशी सांगतात, ती अर्धी आहे. ती साल वाणींनी गोळा केली नव्हती. अमेरिकेच्या कृषी खात्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ रानोमाळ हिंडून नमुने आणत होते, राष्ट्रीय कॅन्सर संस्था ते प्रयोगशाळांना पुरवत होती आणि कोणत्या फ्रॅक्शनमध्ये दम आहे ते पेशींवर नाहीतर उंदरांवर तपासून कळत होतं. जो फ्रॅक्शन काम करील तोच पुढं फोडायचा, बाकीचे बाजूला. ही तपासणी नसती तर १२ किलोतून अर्धा ग्रॅम शोधणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई, आणि सुई आहे हेच ठाऊक नाही. शेवटी टॅक्सॉलचे क्ष-किरणांना चालतील असे स्फटिक मिळेनात, तेव्हा रेणूचे अलगद दोन तुकडे केले, दोन्हींची स्फटिक होतील अशी संयुगं बनवली आणि शेजारच्या ड्यूक विद्यापीठातल्या मॅकफेल यांच्या मदतीनं रचना जुळवली.

म्हणून मॅडमना विचारा, ही तपासणी, म्हणजे बायोअॅसे, कोण करतं? लॅबच्या आवारात की बाहेर पाठवून, आणि निकाल किती दिवसांत येतो? झाड ओळखून हर्बेरियमचा (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचा) नंबर कोण देतं? एनएमआरला (रेणूची रचना कळणाऱ्या यंत्राला) नमुना दिला की पाळी कधी लागते? या तिन्हींना धड उत्तर नसेल तर पाच वर्षं तुम्ही बीटा-सिटोस्टेरॉल काढत बसाल. ते जवळपास प्रत्येक झाडात असतं आणि कुणालाच नको असतं. माझ्या पहिल्या वर्षाचे सगळे स्फटिक तेच निघाले. आईला फोन करून सांगितलंही होतं की नवीन काहीतरी सापडलं.

शिफ्ट_बी

मी दुसऱ्या बाजूनं बोलतो. पीएचडीसाठी एका संस्थेत प्रोजेक्टवर होतो, पाच महिने पैसे अडकले. खोलीमालक बायोअॅसे विचारत नाही हो. सोडून क्यूसीला लागलो, आता नऊ वर्षं झाली. एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) अशी हातात बसलीय की पंपाच्या आवाजावरून प्रेशर सांगतो. पुढं हर्बल एक्स्ट्रॅक्टच्या कंपनीत गेलो. तिथं अश्वगंधा, हळद, शतावरी, प्रत्येक बॅचचं एचपीटीएलसी (टीएलसीचाच जास्त अचूक प्रकार). मुळांमध्ये पानं मिसळून आलेला माल पकडायचा असेल तर तुमच्यासारखीच माणसं लागतात. औषधी वनस्पतींचं काम फक्त पीएचडीतच असतं असं नाही. दोन वर्षं तारापूर करा, घरी पैसे द्या, रात्री नेटचा अभ्यास करा.

रोटाव्हॅप

@शिफ्ट_बी, पैशांचं मान्य. पण रात्रपाळी करून नेट काढलेली किती माणसं पाहिलीत?

शिफ्ट_बी

दोन. त्यातला मी नाही.

कोयनाकाठ

थोडं अवांतर, पण ताईंना उपयोगी पडेल. कॅम्पटोथेसिन वाणींना चीनकडच्या झाडात मिळालं खरं, पण ते आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही आहे. गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी ते १९७२ साली छापलं. गोविंदाचारी तेव्हा गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक होते. पुढं या झाडाला बाहेर भाव आला आणि आमच्या बाजूला रातोरात खोडं तोडून ट्रक जाऊ लागले. त्यामुळे जंगलातून नमुना घेताना वनखात्याची परवानगी कुणाच्या नावावर आहे, हाही प्रश्न मॅडमना विचाराच. नाहीतर चेकपोस्टवर पोतं तुमच्या हातात असतं.

यूच्या झाडाचंही तेच झालं होतं. साल काढली की झाड मरतं. मग फ्रान्समध्ये पोतिए यांच्या गटानं युरोपातल्या यूच्या पानांतून जवळचा रेणू काढून त्यापासून टॅक्सॉल बनवायची वाट काढली. पानं परत येतात. हे काम सिंथेसिसवाल्यांचं बरं का, म्हणजे तुमचं ऑरगॅनिक इथं वाया जात नाही.

लिटमस

वाणी, वाणी काय चाललंय. रसायनशास्त्रज्ञ असीमा चटर्जींचं नाव कुणीच घेऊ नये? कलकत्ता विद्यापीठाची डीएस्सी १९४४ साली, १९६१ चा भटनागर पुरस्कार, तो मिळवणारी पहिली बाई. १९६२ ते १९८२ तिथंच खैरा प्राध्यापक, हे मानाचं पद. परदेशात काम करून १९५० मध्ये परत आल्या आणि पुढची सगळी वर्षं कलकत्त्यातच कॉलम चालवले. बंगाली बायका जी शुशनी भाजी म्हणून रांधतात, तिच्यातून आणि जटामांसीतून अपस्मारावरचं आयुष-५६ आलं, ते त्यांच्या कामातून. नंदुरबार सोडून अमेरिकेला जाणं हा एकच रस्ता नाही, एवढंच.

आणि गाईड बाई आहे ना? मग एक प्रश्न माझाही. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे फोन नंबर मागा. देताना त्या किती वेळ घेतात ते बघा.

सातपुड्याखालची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मॅडमना धीर करून फोन केला. वाटलं चिडतील, पण हसल्या आणि म्हणाल्या, "हे प्रश्न तुला कुणी शिकवले?" बायोअॅसे त्यांच्याच विद्यापीठात बायोटेकवाले करतात, निकालाला तीन आठवडे. एनएमआरला दीड महिन्याची रांग. परवानगी त्यांच्या नावावर आहे. पैसे वेळेवर येतात का विचारलं, तर खरं सांगितलं की मागच्या वर्षी दोन महिने उशीर झाला होता. दोन जुन्या विद्यार्थिनींचे नंबर लगेच आले. एक सध्या एक्स्ट्रॅक्टच्या कंपनीत आहे, दुसरी दुपारी फोन उचलणार आहे.

रोटाव्हॅप दादा, आईला फोन केल्याचं वाचून फार हसले. माझ्या ८० मिलिग्रॅमबद्दलही आता मनात पाल चुकचुकलीय. पण ड्रॅगेनडॉर्फला नारिंगी आलं होतं, सिटोस्टेरॉलला येत नाही ना?

कंपनीकडे सोमवारपर्यंत मुदत मागितलीय, अजून उत्तर नाही. आप्पांना ३७ हजारांचं सांगितलं, 'निघाली तर' सकट. ते काही बोलले नाहीत, पण संध्याकाळी त्यांनी अडुळशाला पाणी घातलं, जे ते कधीच घालत नाहीत.

एक शेवटचं. मॅडम म्हणाल्या, येताना त्याच झाडाची फुलोऱ्यासकट फांदी दाबून आण, हर्बेरियमला देऊ. वर्तमानपत्रात दाबली तर चालते का, आणि कागद किती दिवसांनी बदलायचा?