ऑस्ट्रिया-हंगेरी: एकाच जनगणनेवरून दोन वेगळे नकाशे कसे?

पानगळ:
पहिल्या महायुद्धाआधीच्या ऑस्ट्रिया-हंगेरीचा भाषिक नकाशा काढायला घेतलाय. समोर दोन जुने नकाशे आहेत, दोन्हींत १९१०च्या जनगणनेचा हवाला. एकात हंगेरीत मग्यार (म्हणजे हंगेरियन) भाषक ५४ टक्के, दुसऱ्यात ४८. शिवाय बॉस्निया एकात ऑस्ट्रियाच्या रंगात, दुसऱ्यात वेगळ्याच. कोणावर विश्वास ठेवू?

कुंपणावरचा:
बॉस्नियाला वेगळा रंग द्या. १८७८मध्ये बर्लिनच्या परिषदेनंतर ताबा घेतला, पण कागदोपत्री मालक तुर्की सुलतानच. १९०८मध्ये सरळ विलीन केला. मात्र व्हिएन्ना आणि बुडापेस्ट, म्हणजे साम्राज्याच्या ऑस्ट्रियन आणि हंगेरियन अर्ध्यांची सरकारं, दोघांनाही तो दुसऱ्याच्या पदरात पडायला नको होता, म्हणून कारभार दोघांच्या सामाईक अर्थमंत्र्याकडे! टक्केवारीचं टाकबोरू सांगतील.

टाकबोरू:
सांगतो. दोन्ही आकडे खरे आहेत. ५४ टक्के येतात ते क्रोएशिया-स्लाव्होनिया हा हंगेरीच्या अर्ध्यातला स्वायत्त प्रांत वगळून, ४८ तो धरून. सीमारेषा कुठे ओढली यावर बहुमत ठरतं, त्यामुळे आकड्याआधी नकाशाची चौकट बघा.

दुसरी गोष्ट. साम्राज्याच्या दोन अर्ध्यांनी लोकांना एकच प्रश्न विचारलाच नव्हता. हंगेरीत मातृभाषा विचारली. ऑस्ट्रियात रोजच्या व्यवहाराची भाषा, तीही एकच लिहायची. मालकाच्या घरी राहून जर्मन बोलणारी चेक मोलकरीण सहज जर्मन भाषकांत जमा व्हायची. यिडिश ही तिथल्या ज्यूंची भाषा तर यादीतच नव्हती, म्हणून ऑस्ट्रियाच्या गॅलिशिया प्रांतातले बहुतेक ज्यू पोलिश भाषक ठरले आणि शेजारच्या बुकोविनातले जर्मन. तुमच्या नकाशावर तिथे रंग बदलेल, माणसं तीच.

ट्रिएस्ट या ऑस्ट्रियाच्या बंदरात तर इटालियनांच्या हातातल्या नगरपालिकेने १९१०ची मोजणी अशी केली की स्लोव्हेन मंडळींनी आरडाओरडा केला. सरकारने फेरमोजणी करवली, आणि स्लोव्हेन भाषक सुमारे २० हजारांनी वाढले. माणसं तितकी नव्याने राहायला आलेली नव्हती!

पानगळ:
बाप रे. मग सलग रंग भरूच नये का?

टाकबोरू:
पाल तेलेकीचा 'लाल नकाशा' बघा. १९२०मध्ये हंगेरीचं शिष्टमंडळ तो घेऊन महायुद्धानंतरच्या शांतता परिषदेला पॅरिसला गेलं. भूगोलतज्ज्ञ माणूस, पुढे पंतप्रधान झाला. एक चौरस मिलिमीटर म्हणजे १०० माणसं असा हिशेब, आणि विरळ वस्तीचे डोंगर पांढरे सोडलेले. कल्पना मला अजूनही आवडते, कारण सलग रंगात ओसाड डोंगरही कुणाच्या तरी नावावर चढतो. पण मग्यारांना भडक लाल देणं आणि रुमानियन जिथे जास्त होते त्याच डोंगराळ मुलखात पांढरा मोकळा दिसणं, हे फार सोयीचं पडलं. उपयोग शून्य: जूनमध्ये ट्रियानॉनचा तह झाला आणि हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश भूभाग गेला.

तुम्ही तेलेकीची पद्धत घ्या, रंग मात्र सगळे सारख्याच वजनाचे निवडा. गावांच्या जागांसाठी लष्करी सर्वेक्षण वापरा. तिसऱ्या सर्वेक्षणाचे १:७५,०००चे तक्ते इंटरनेटवर आहेत. बांधावरची वाटसुद्धा सापडते.

कुंपणावरचा:
एक राहिलं. फ्यूमे (आजचं रियेका) क्रोएशियाच्या रंगात घालू नका. १८६८च्या हंगेरी-क्रोएशिया करारात त्या बंदरावर एकमत झालंच नव्हतं. मग क्रोएशियन प्रतीत त्या परिच्छेदावर चक्क कागदाची पट्टी चिकटवून हंगेरियन मजकुराचं भाषांतर घुसवलं. बंदर गेलं बुडापेस्टच्या ताब्यात.

पानगळ:
म्हणजे फ्यूमेला हंगेरीचा ठिपका, बॉस्नियाला तिसरा रंग, ट्रिएस्टला फेरमोजणीचे आकडे. आणि गॅलिशियातल्या ज्यूंसाठी? जनगणनेत धर्माचा रकाना असेल ना?

टाकबोरू:
आहे. तोच घ्या, आणि सूचीत तसं लिहा.